जुना लोखंडी पूल

मुलांनो, 'पूल' हा शब्द तुम्हांला मुळीच परका नाही. घरी तुम्ही 'पुल' म्हणता, मराठीच्या तासाला 'पूल' म्हणता. उच्चारात उकार तेवढा लांबतो. हा शब्द फारसीतून उर्दूत आला, तसाच तो मराठीतही आला. 'पोलाद' हा शब्दही त्याच वाटेने आलेला आहे. तुमचे 'फौलाद' तेच मराठीचे 'पोलाद'. या पाठात आपण लोखंडाच्या व पोलादाच्या पुलांची ओळख करून घेणार आहोत. असा पूल उभा कसा राहतो, तो कशाने थकतो आणि थकल्यावर आपल्याला काय काय सांगतो, हे आपण पाहू.

आपल्या शिंदखेडा तालुक्याच्या उत्तर सीमेवरून तापी वाहते. पलीकडे शिरपूर तालुका आहे. शिंदखेड्याजवळून बुराई नदी जाते. मुडावद येथे पांझरा नदी तापीला मिळते. उन्हाळ्यात लहान नद्यांचे पात्र कोरडे पडते. तेव्हा माणसे, गुरे, बैलगाड्या वाळूतूनच पलीकडे जातात आणि पुलाची आठवणही कोणाला होत नाही. पण पावसाळ्यात एका रात्रीत पाणी चढते. मग शेत या काठाला आणि घर त्या काठाला अशी स्थिती होते. दोंडाईच्याच्या बाजारात मिरची न्यायची असो, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे असो किंवा तुम्हांला शाळेत यायचे असो, सगळे त्या एका पुलावर अवलंबून असते.

पूल अनेक प्रकारचे असतात. काही दगडी कमानींचे असतात, काही सिमेंट-काँक्रीटचे असतात. काही मात्र लोखंडी पट्ट्या आणि अँगल एकमेकांना जोडून केलेले असतात. अशा पुलाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी जाळीसारखी भिंत दिसते. नीट पाहिले तर ती जाळी नसून एकापुढे एक मांडलेले त्रिकोण असतात. त्रिकोण म्हणजे तुमच्या भूमितीतील 'मुसल्लस'. अशा जोडणीला मराठीत 'कैची' म्हणतात. पत्र्याच्या छपराखाली आडव्या-तिरप्या दांड्यांची अशीच कैची असते. संधी मिळाली, तर मान वर करून ती जरूर पाहा.

आता प्रश्न असा, की त्रिकोणच का? चौकोन का नाही? याचे उत्तर तुम्ही स्वतः शोधू शकता. जाड पुठ्ठ्याच्या चार सारख्या पट्ट्या कापा. त्यांची टोके एकेका टाचणीने जोडून चौकोन करा. एका कोपऱ्याला हलकेच ढकला. चौकोन लगेच तिरका होईल. आता तीन पट्ट्यांचा त्रिकोण करा आणि त्याला ढकला. पट्टी वाकल्याशिवाय किंवा टाचणी निघाल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलणार नाही. घरातील जुनी खाट खिळखिळी होऊन तिरकी होते, तेव्हा मोठी माणसे काय करतात? एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी किंवा तार ताणून बांधतात. चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि खाट सरळ होते. पूल बांधणारा अभियंता हीच युक्ती पोलादात करतो.

आणखी एक प्रयोग करा. एक लांबट खोडरबर घ्या. त्याच्या बाजूवर पेनाने जवळजवळ उभ्या रेषा काढा. मग त्याची दोन्ही टोके दोन पुस्तकांवर ठेवून मध्ये बोटाने दाबा. वरच्या बाजूला रेषा जवळ येतील आणि खालच्या बाजूला त्या दूर जातील. याचा अर्थ वरचा भाग दाबला जातो आणि खालचा भाग ताणला जातो. पुलावरून ट्रक जातो, तेव्हा पुलाच्या आतही हेच घडते. वरच्या आडव्या दांड्यांवर दाब येतो, खालच्या दांड्यांवर ताण येतो. तिरप्या दांड्यांपैकी काही दाब सोसतात, काही ताण सोसतात. असे होत होत ट्रकचे वजन पुलाच्या टोकांपर्यंत जाते आणि तेथून खांबांवाटे जमिनीत उतरते. पोलाद दाबही सोसते आणि ताणही सोसते. म्हणून थोड्या पोलादात लांब पूल बांधता येतो. भरीव तुळईपेक्षा कैची खूपच हलकी असते.

एवढा चांगला पूल मग थकतो कशाने? त्याचा पहिला शत्रू म्हणजे गंज. तुम्ही ज्याला 'ज़ंग' म्हणता तोच हा. लोखंडाला हवेतील ऑक्सिजन आणि पाणी यांची संगत एकाच वेळी मिळाली, की गंज तयार होतो. उघड्या भागावरचा गंज डोळ्यांना दिसतो. जास्त धोका असतो तो लपलेल्या गंजाचा. दोन पट्ट्या जेथे एकमेकींवर बसवलेल्या असतात, तेथे फटीत पाणी शिरते. वाऱ्याने आलेली माती, पाखरांची घाण आणि पालापाचोळा कोपऱ्यात साचतो आणि ओल धरून ठेवतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे तो आतून पाचरीसारखा दाबतो आणि पट्ट्या एकमेकींपासून दूर ढकलतो. बाहेरून रंग ठीक दिसतो, पण आतले लोखंड झिजत जाते.

गंजावर उपाय एकच. जुना गंज खरवडून काढायचा आणि वेळेवर रंग द्यायचा. पॅरिस शहरातील आयफेल मनोरा १८८९ साली उभा राहिला. तो फक्त वीस वर्षांसाठी होता. आज त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली आहेत. त्याला साधारण दर सात वर्षांनी रंग दिला जातो आणि प्रत्येक वेळी सुमारे ६० टन रंग लागतो. लोखंडी वस्तूचे आयुष्य असे रंगाच्या डब्यात असते.

आपल्या देशातील कोलकात्याचा हावडा पूल १९४३ साली सुरू झाला. त्यासाठी सुमारे २६,५०० टन पोलाद लागले. या प्रचंड पुलाला कशाने त्रास दिला, ठाऊक आहे? ये-जा करणाऱ्या माणसांच्या थुंकण्याने! पान-गुटखा खाऊन लोक पुलाच्या खालच्या भागावर थुंकत राहिले. त्यामुळे तेथील पोलादी आवरण झिजून गेले आणि ते वाचवण्यासाठी फायबरग्लासचे आच्छादन घालावे लागले. एका माणसाच्या थुंकण्याने पूल पडत नाही. पण प्रत्येक जण असेच म्हणू लागला, तर पोलादही टिकत नाही.

दुसरा शत्रू म्हणजे थकवा. लोखंडही थकते. एक जुनी तार घ्या आणि एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा वाकवा. पहिल्या वेळी ती तुटत नाही, पाचव्या वेळीही कदाचित तुटत नाही. मग अचानक तुटते. प्रत्येक वाहनागणिक पूल केसभर वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. वर्षानुवर्षे असे लाखो वेळा घडले, की एखाद्या छिद्राच्या कडेला बारीक चीर पडते. ती हळूहळू वाढत जाते. वेळेवर दिसली, तर तेवढा भाग बदलता येतो.

तिसरी नाजूक जागा म्हणजे सांधा. कैचीच्या सगळ्या दांड्या सांध्यावर एकत्र येतात. तेथे एक जाड पत्रा असतो आणि रिवेट किंवा नटबोल्ट लावून दांड्या त्याला जोडलेल्या असतात. दांडी कितीही मजबूत असली, तरी सांधा कच्चा असेल तर उपयोग नाही. अमेरिकेतील मिनीॲपोलिस शहरात मिसिसिपी नदीवर असाच एक मोठा पोलादी पूल होता. तो १९६७ साली सुरू झाला होता. १ ऑगस्ट २००७ रोजी सायंकाळी, वाहनांची गर्दी असताना तो कोसळला. १३ माणसे मरण पावली. चौकशीत आढळले, की सांध्याचे काही पत्रे मुळातच हवे होते त्याच्या निम्म्या जाडीचे होते. पुढे पुलावर काँक्रीटचा जादा थर चढला होता आणि त्या दिवशी दुरुस्तीचे जड सामानही पुलावरच ठेवलेले होते. कमजोर सांध्यावर वजन वाढत गेले आणि एक सांधा सुटताच सारा पूल खाली आला. एवढ्या प्रगत देशातही असे होते, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

चौथी गोष्ट ऊन-थंडीची. उष्णतेने लोखंड प्रसरण पावते, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. आपल्या खानदेशात हिवाळ्यातील पहाट आणि मे महिन्यातील दुपार यांत केवढा फरक असतो! तापमानात ४० अंश सेल्सिअसचा फरक पडला, तर ३० मीटर लांबीचा लोखंडी पूल सुमारे १४ मिलिमीटरने लांब होतो. म्हणून पुलाचे एक टोक पक्के बसवतात आणि दुसऱ्या टोकाखाली सरकण्याची सोय ठेवतात. कधी तेथे लोखंडी रूळ असतात. या रुळांत माती आणि गंज अडकला, की पूल सरकू शकत नाही. मग तो खांबालाच ढकलू लागतो आणि खांबाच्या माथ्यावर भेगा पडतात.

पाचवी गोष्ट पाण्याखालची आहे. पुराचे पाणी खांबाला आपटून भोवऱ्यासारखे फिरते आणि पायाजवळची वाळू-माती खरवडून नेते. वर पूल धडधाकट दिसतो, पण त्याचे पाय उघडे पडत असतात. नदीच्या पात्रातून, विशेषतः पुलाजवळून, वाळूचा बेसुमार उपसा झाला, तर हा धोका आणखी वाढतो. पूर आला की कोणताही पूल धोक्यात येऊ शकतो, मग तो लोखंडी असो वा दगडी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीच्या पुरात जुना दगडी कमानीचा पूल वाहून गेला. अंधारात दोन एसटी बसगाड्या नदीत गेल्या आणि अनेक प्रवाशांचा मृत्यू झाला.

आता सर्वांत साध्या गोष्टीकडे वळू. ती म्हणजे वजन. जुने पूल बांधले गेले, तेव्हा त्यांवरून बैलगाड्या, सायकली आणि मोजक्या मोटारी जात. आज तेथूनच उसाच्या ट्रॉल्या आणि वाळूचे डंपर जाऊ पाहतात. त्याशिवाय माणसांचेही वजन असते, हे आपण विसरतो. समजा, एक पूल ३० मीटर लांब आणि २ मीटर रुंद आहे. म्हणजे ६० चौरस मीटर जागा झाली. दर चौरस मीटरवर चार माणसे दाटीने उभी राहिली, तर २४० माणसे झाली. सरासरी ६० किलो धरले, तर वजन १४,४०० किलो होते. म्हणजे प्रवाशांनी भरलेली एक एसटी बसच पुलाच्या मधोमध उभी आहे असे समजा! चालत जाणारी माणसे एकामागून एक येतात आणि निघून जातात. उभी गर्दी मात्र सगळे वजन एकाच वेळी टाकते.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाडेजवळ, इंद्रायणी नदीवर कुंडमळा नावाचे ठिकाण आहे. तेथे गावकऱ्यांना आणि शेतकऱ्यांना नदी ओलांडता यावी, म्हणून एक अरुंद लोखंडी पूल बांधलेला होता. तो साधारण तीस वर्षांचा होता. तो गंजला होता आणि धोकादायक असल्याचा फलकही तेथे लावलेला होता. १५ जून २०२५ रोजी रविवार होता. पावसाने नदी भरून वाहत होती आणि ते पाणी पाहण्यासाठी दुरून पर्यटक आले होते. पुष्कळ लोक एकाच वेळी पुलावर थांबले. दुचाकीही पुलावर आल्या होत्या. दुपारी पूल कोसळला. चार जणांचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले.

या घटनेतील एक गोष्ट नीट लक्षात घ्या. धोका कोणालाच माहीत नव्हता असे नाही. फलकावर तो लिहिलेला होता. पण फलक वाचूनही लोक पुढे गेले आणि त्यांना थांबवणारा अडसर किंवा माणूस तेथे नव्हता. फलकावरची अक्षरे वाहनाला अडवू शकत नाहीत. ती वाचून माणसाने स्वतःच थांबायचे असते.

आता याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवू. आपल्या शेजारच्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. ती पुढे गुजरातेत भरूच येथे जाते. भरूच आणि अंकलेश्वर यांच्या मध्ये नर्मदेवर एक लोखंडी कैचीचा पूल आहे. लोक त्याला 'गोल्डन ब्रिज' म्हणतात. तो १८८१ साली पूर्ण झाला. नर्मदेचे कितीतरी पूर त्याने पाहिले. जुलै २०२१ मध्ये त्याच्या शेजारी नवा रुंद पूल खुला झाला, तेव्हा जुन्या पुलावरची वाहने थांबवण्यात आली. तोपर्यंत १४० वर्षे तो वापरात होता.

कुंडमळ्याचा पूल तीस वर्षांत पडला आणि भरूचचा पूल एकशे चाळीस वर्षे उभा राहून मानाने निवृत्त झाला. यावरून काय समजते? पुलाचे वय मोजून त्याचा धोका कळत नाही. त्याची देखभाल कशी झाली आणि त्याच्यावर किती भार टाकला गेला, यावर त्याचे आयुष्य ठरते.

तुम्ही म्हणाल, मग धोकादायक पूल लगेच बंदच का करत नाहीत? शहरात एक पूल बंद झाला, तर बहुधा दुसरा जवळ असतो. खेड्यात तसे नसते. पूल बंद झाला, की शाळेची वाट लांबते, दूध वेळेवर पोहोचत नाही, बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी गाडी वळसा घालून जाते. म्हणून गावकरी म्हणतात, "चालू द्या, इतकी वर्षे काही झाले नाही." त्यांची अडचण खरी असते. पण 'इतकी वर्षे काही झाले नाही' हा पूल मजबूत असल्याचा पुरावा नव्हे. तार तुटण्याच्या आदल्या क्षणापर्यंत तुटलेली नसतेच! अशा वेळी मधला मार्ग काढता येतो. अभियंत्याने तपासून ठरवलेल्या मर्यादेतच पूल वापरायचा. पुलाच्या तोंडाशी लोखंडी खांब किंवा आडवी कमान उभारून जड वाहने अडवायची. सडलेले भाग बदलायचे. मात्र पूल माणसांचाही भार पेलणार नाही असे तपासणीत आढळले, तर तो पूर्ण बंद करून दुसरी सोय लवकर करायची.

पुलांची तपासणी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर व्हावी लागते. राज्यमार्गांवरील पुलांची काळजी सार्वजनिक बांधकाम विभाग घेतो. गावाकडचे बरेच रस्ते जिल्हा परिषदेकडे असतात. तपासणारे लोक पूल डोळ्यांनी पाहतात, हातोडीने रिवेट ठोकून त्याचा आवाज ऐकतात. घट्ट रिवेट खणखणीत वाजतो, सैल रिवेटाचा आवाज बद्द येतो. पण अभियंता वर्षातून एक-दोनदा येतो. तुम्ही मात्र त्या पुलावरून रोज जाता. म्हणून तुमच्या डोळ्यांना फार महत्त्व आहे. त्यासाठी पुलावर चढायचे नाही, कठड्याबाहेर वाकायचे नाही, पुराच्या वेळी जवळ जायचे नाही. जाता-येता जे दिसते तेवढे पाहिले तरी पुरे. एखाद्या सांध्याजवळ रंगाखालून तपकिरी ओघळ आले आहेत का? एखादी दांडी वाकली आहे का? रिवेटाची जागा रिकामी दिसते का? गाडी जाताना पूर्वी नव्हता असा आवाज येतो का? खांबाच्या पायाशी मोठा खड्डा पडला आहे का? जुना पूल अशाच भाषेत आपल्याशी बोलत असतो.

असे काही दिसले, तर आधी घरी आणि शिक्षकांना सांगा. मग ग्रामपंचायतीला किंवा संबंधित कार्यालयाला अर्ज लिहा. अर्जलेखन आपण केवळ परीक्षेतील गुणांसाठी शिकत नाही. 'पूल फार धोकादायक झाला आहे, तरी लक्ष द्यावे' एवढेच लिहिले, तर वाचणाऱ्याला फारसे काही कळत नाही. त्याऐवजी नदीचे नाव, रस्त्याचे नाव आणि पाहिल्याची तारीख लिहा. नेमके काय आणि कोठे दिसले तेही लिहा. उदाहरणार्थ: 'गावाकडील टोकापासून तिसऱ्या सांध्यावर उजव्या बाजूचे दोन रिवेट नाहीत. तेथील खालची पट्टी गंजून तिच्या कडेला भोक पडले आहे.' असा अर्ज वाचून अभियंत्याला नेमके कोठे जायचे ते समजते. अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि मूळ अर्ज दिल्याची पोच घ्या. उत्तर आले नाही, तर महिन्याभराने त्याच प्रतीच्या आधारे स्मरणपत्र लिहा.